टोकन नंबर सांगून गेलेली बाई

देवधर्म बायकोकडे आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, अशी आमच्या घरची वाटणी. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचो. हे लिहायला बसलो खरा, पण म्हणूनच हात अडखळतोय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होती. क्वार्टर सेक्टर सहाला, नोकरी पोलाद कारखान्याच्या हॉस्पिटलात, कॉम्प्युटर विभागात. पेशंटची माहिती जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं काम चालू होतं. एसीच्या खोलीत मी आणि माझा सहकारी साहू, दोघंच.

एका दुपारी हिरव्या लुगड्यातली एक बाई थेट आत आली.

"भाऊ, आमच्या यायले पेनिसिलिनची सुई चालत नाही. लिहून ठेवा न."

"बाई, ओपीडीत सांगा. इथं पेशंटनी यायचं नसतं."

"तिथं कोणी आयकूनच नाही राहिलं. तुमीच लिहा."

नवऱ्याचं नाव काही घेईना. कारखान्यातला त्याचा टोकन नंबर, ज्यावर कामगाराचं रेकॉर्ड निघायचं, तो मात्र धडाधड सांगितला. एका जागी उभी राहत नव्हती — दाराकडे बघायची, परत माझ्याकडे. तिच्याकडे बघून मलाच कसंतरी व्हायला लागलं. शेवटी रेकॉर्ड उघडलं आणि टाइप केलं. साहूनं पाणी पुढे केलं. ते न घेताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून डॉक्टरांचा फोन. "ही अ‍ॅलर्जीची नोंद कुणी केली? पेशंट बेशुद्ध आलाय, मुलीला काहीच माहीत नाही."

"त्यांच्या मिसेस काल सांगून गेल्या."

डॉक्टर मुलीशी काही बोलल्याचं ऐकू आलं. मग हळू आवाजात — "मुलगी म्हणते, आई जाऊन बरीच वर्षं झाली."

साहूला सांगितलं तर तो ताडकन उठला. "अरे, मैंने खुद पानी दिया था उसको!"

भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा? मुलीला विचारलं — मावशी, आत्या, शेजारीण? त्या वयाचं कोणीच नव्हतं. मला दाराकडे पाठ करून बसवेना. टेबल फिरवून घेतलं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. माणूस वाचला. बरा झाल्यावर मुलीचा हात धरून मला भेटायला आला. लग्नानंतर गावाकडे त्या सुईनं त्याचा जीव जाता जाता राहिला होता, आणि जवळ फक्त बायको होती. "मले तं सुईचं नावबी आठवत नव्हतं," म्हणाला.

मी काहीबाही शक्यता सांगायला लागलो. त्यानं हातानंच थांबवलं.

"ते जाऊ द्या, भाऊ. तब्येत कशी होती तिची? शेवटी लय वाळली होती."

"चांगली होती," म्हणालो. "अंगानं भरलेली."

तो तिथंच बाकावर बसला आणि रडायला लागला, पण तोंडावर हसू होतं.

आता मी रिटायर झालोय. ती कोण होती, कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू? आता मी कुणाला विचारतही नाही.