गवती चहाची बिअर

पहिली बिअर मी सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मसालेभाताच्या मोठ्या पातेल्यात केली. नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातले कितीतरी महिने जहाजावर. लग्नाआधी मी पुण्यात कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे, त्यामुळे यीस्टशी ओळख जुनीच होती. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी दारू गाळतेस?"

"गाळत नाही गं, आंबवते."

तिला फरक काही पटला नाही.

बरीच वर्षं माझी बिअर फक्त आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी होती. कॉरिडॉरमधल्या कुंडीतला गवती चहा घालून केलेली सगळ्यांना फार आवडायची. जो तो म्हणायचा, विकायला काढा. एकदा सुट्टीवर आलेला नवराही म्हणाला, "अगं, खरंच विक. पातेली घासायला मी आहे."

घरी केलेली बिअर इथे विकता येत नाही. म्हणून एका औद्योगिक इमारतीत छोटी ब्रुअरी चालवणाऱ्या चिनी गृहस्थांकडे गेले. परवाना त्यांचा, टाकी त्यांची, कृती माझी, असं ठरलं. वीस लिटरची कृती पाचशे लिटरला न्यायची म्हणून मी सगळंच पंचवीसपट घेतलं आणि तिथेच चुकले. मोठ्या टाकीतला उकळलेला माल्टचा रस लवकर निवत नाही. गवती चहा त्यात नको तितका मुरत राहिला. तीन आठवड्यांनी चाखून पाहिली, तर तोंडात साबणाची चव.

ब्रुअरीवाले म्हणाले, "इतकी वाईट नाहीये. अगदी गार करून दिली तर कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," मी म्हटलं.

नळ मीच उघडला. पाचशे लिटर बिअर फेसाळत जमिनीतल्या जाळीतून जात होती आणि मला रडू येत होतं, पण टाकी रिकामी होईपर्यंत हलले नाही. मग ब्रश घेऊन घासायला बसले. थोड्या वेळाने ब्रुअरीवाले दुसरा ब्रश घेऊन आले आणि शेजारी घासायला बसले.

पुढच्या खेपेला गवती चहा एक तृतीयांश घेतला आणि रस निवल्यावर, तोही थोडाच वेळ घातला. रोज जाऊन चाखायचे, वहीत लिहायचे. या वेळी पहिल्याच घोटाला कळलं, जमली!

बिशान भागातल्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या स्टॉलच्या बाजारात, एक म्हातारे अंकल इथल्याच छोट्या ब्रुअरींची बिअर विकतात. त्यांना नमुना दिला. त्यांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला आणि विचारलं, "उद्या आणता येईल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या स्टॉलसमोरच्या टेबलावर कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसले. कामावरून सुटलेला एक लिफ्ट मेकॅनिक आला. एक ग्लास संपवून तो पुन्हा स्टॉलवर गेला. "अंकल, ही कोण बनवतं?"

अंकलनी हनुवटीनेच माझ्याकडे खूण केली. त्याने माझा पंजाबी ड्रेस पाहिला, पांढरे केस पाहिले.

"आंटी, तुम्ही?"

"हो, मीच," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.

तो ग्लास घेऊन समोर येऊन बसला. "सांगा ना, कशी करता?"

मी कोपी बाजूला सरकवली आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, फुकट गेलेल्या पाचशे लिटरसकट.