सही आधीच झाली होती

“हिचं पोट याला शिकायला दे. तुमच्या लोकांची कातडी जाड असते.”

मोठा डॉक्टर असं म्हणाला तवा माझी बायको टेबलावर होती. कमरेत सुई दिलेली. पाय बधिर, कान जागे. सगळं ऐकून राहिली होती.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. सौसरच्या एका दवाखान्यात मी पट्ट्या बांधायचो अन् आपरेशनच्या वक्ती माणूस धरायचो. त्या दिवशी तिचेच हात धरले.

शहरातून आलेल्या शिकाऊ डॉक्टरजवळ एक वही होती. पाहिलं, मदत केली, एकट्यानं केलं, असे तीन रकाने. मोठ्या डॉक्टरनं सकाळी चहा पितानाच तिसऱ्या रकान्यात सही ठोकली. आपरेशन तर अजून व्हायचं होतं.

शिकाऊ म्हणाला, “सर, मी फक्त दोनदा पाहिलंय. तुम्ही जवळ थांबा.”

“अपेंडिक्स तर आहे. वही भरली ना? कर मग.” अन् गेला, एका शेठच्या घरचा पेशंट पाहाले.

बायको मले म्हणे, “तुमी बोला ना काही.”

नाही बोललो. नोकरी जाईल म्हून. मनगटं आणखी घट्ट धरली.

पोटात पू झाला. तिसऱ्या दिवशी ती गेली. मरणाच्या कागदावर मोठ्या डॉक्टरनं कारण ‘कमजोरी’ लिहिलं. मले म्हणे, सोमवारपासून कामावर ये.

गेलो. जेवताना घास उचलला की मुठीत तिची मनगटं वळवळत. अजून वळवळतात.

शिकाऊ आमच्या वस्तीत आला, दारात बसला. म्हणे, “काका, वही म्हणते मला येतं. हात म्हणतात नाही येत. अन् आम्हाला पास वहीच करते.”

पाणी दिलं त्याले. माफी नाही दिली.

महिन्याभरानं तिगावची एक मजूर बाई त्याच टेबलावर, तिचंही अपेंडिक्सच. सुई द्यायची होती. मोठा दारातूनच म्हणाला, “धर.”

मी हात मागं घेतले. शिकाऊले विचारलं, “हे तुमी सोता किती डाव केलं?”

तो खाली पाहत म्हणाला, “एकदाच. तुम्हाला माहीत आहे.”

मोठ्या डॉक्टरले म्हटलं, “साहेब, तुमी हातमोजे घाला. बाजूले उभे राहा. तवा धरतो.”

“पट्ट्या बांधणारा मला शिकवणार?”

बाई उठून बसली. म्हणे, “मंग मीबी नाही निजत.”

घातले साहेबानं हातमोजे. आठ दिवसांनी बाई आपल्या पायानं घरी गेली. मले आपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं होतं.

आता कोणाच्याही घरचं माणूस आपरेशनले चाललं की मी संगं जातो. दारातच विचारतो, चाकू कोणाच्या हाती, अन् त्याले शिकवणारा कुठं आहे. उत्तर आल्याबिगर कोणाले निजू देत नाही. हाकललं तरी हलत नाही.