पेडव्यांचं ठिबक

नोकरी संपवून आम्ही मुंबईहून गावी आलो, आणि आमच्या ह्यांनी ठिबकवाल्याला बोलावलं. त्याने खर्च सांगितला तसे हे उखडले. "ह्यो लुटारू आसा. माका काय हात नाय?" हात होते, हे खरं. अडचण तिथूनच सुरू झाली.

आमच्या घरामागच्या परड्यात स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी मातीच्या पाटाने जायचं. केळीला, मिरच्यांना आणि शेवटी माझ्या अनंताला. हा अनंत मी कुणकेश्वरहून, माहेरून फांदी आणून लावलेला. आई गेली, घर विकलं, नव्या मालकाने मूळ झाड तोडून तिथे गाडी उभी केली. आता आहे तो एवढाच.

ह्यांनी पहिलं काम केलं ते पाट बुजवण्याचं. "मातीत पाणी मुरता, फुकट जाता." झाडाला पाणी मातीतूनच मिळतं, हे त्या शिकवणाऱ्या व्हिडिओत नसावं. मग मोरीचं पाणी साठवायला रंगाचं जुनं पिंप आलं, गाळणीसाठी माझं नेसतं लुगडं फाटलं, आणि तापल्या सुईने भोकं पाडलेली नळी परडंभर पसरली. थेंब पडू लागले तेव्हा हे खुर्ची टाकून क्रिकेट बघावं तसे बघत बसले.

त्याच आठवड्यात बाजारात पेडवे, ते बोटभर मासे, स्वस्त झाले. मी ते मोरीत धुतले, बाकी कुठे धुणार? लुगड्यातून निसटलेले खवले एकेका भोकात जाऊन बसले. थेंब थांबले. अनंताची पानं पिवळी पडली, आणि कळ्या न फुलताच गळू लागल्या.

"मासे मोरीत धुव नको," हे म्हणाले.

"मगे धुवू खंय? देवळाच्या तळीत?"

वास मात्र नळीभर पसरला होता. शेजारच्या मांजराने तो हुंगत हुंगत अनंताच्या सावलीत बैठक मारली आणि तिथेच नळी चावली. आळं पाण्याने भरलं. सगळ्या परड्यात पाणी देणारं तेवढंच एक भोक, आणि आमच्या ह्यांनी ते चिकटपट्टी लावून बंद केलं. गळती म्हणे.

मी पेडव्याचं एक डोकं घेतलं आणि त्या पट्टीवर चांगलं चोळलं. दुसऱ्या दिवशी आळं पुन्हा भरलं. ह्यांनी पुन्हा पट्टी लावली, मी पुन्हा डोकं चोळलं. मांजर कामाला चोख होतं.

अनंत फुलला. आईच्या अंगणातला तो वास माझ्या मागच्या दारी आला, आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले. एवढ्यात हे शेजाऱ्याला घेऊन आले. "बघ, मी ठिबक घातलंय, म्हणान फुल्लो."

मी डोळे पुसले, फूल केसांत माळलं आणि आत गेले. दुपारी मांजराला अख्खा बांगडा वाढला. ह्यांच्या ताटात त्या दिवशी डाळ होती.