खपली आणि वज्री

विशीतली मी म्हणजे सोवळ्याची फौजदारीण. जखमेवरची खपली ही घाण, पाय घासायच्या वज्रीने ती खरवडल्याशिवाय नैवेद्याला हात लावायचा नाही, हा माझाच कायदा. अक्कल तेवढी खरवडावी लागली नाही, कारण ती नव्हतीच.

सत्तरी उलटली, मधुमेह जडला, तरी कायदा तोच. गेल्या माघात गंगेच्या दुर्गाघाटावर बसून फुटलेल्या गुडघ्यावरच्या खपलीला वज्री लावली, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. रोज पायरीवर वाचत बसणारी, अंबाड्यात पेन खोचणारी मुलगी. बोलणं कधी झालं नव्हतं.

“आजी, रुकिए. मी रक्तावरच रिसर्च करते. रक्त गोठताना धाग्यांचं जाळं विणतं. जंतू त्यात अडकतात, आत पसरत नाहीत. गोठवणाऱ्या काही प्रथिनांचे तुकडे तर जंतूंना मारतातसुद्धा. आणि तुम्ही तेच उखडताय?”

“मला शुगर आहे गं.”

“मग तर पायही जाऊ शकतो.”

वज्री खाली ठेवेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. मी इतकी हादरले की गंगेत न उतरताच घरी आले आणि खपलीसकट नैवेद्य रांधला. देवाने तोंड वाकडं केलं नाही. ते माझ्या हाताखाली सोवळं शिकलेल्या सुनेने केलं.