धूर न सोसणारा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, माझ्या धाकट्या बहिणीला — माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा भ्रमात ती असते — तिलाही नाही. आणि आज सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही. मन हलकंच आहे माझं. ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तरी माझी हरकत नाही.

तर — आमचं हट्टा गावातलं स्वयंपाकघर. पाहुणे आले की आधी तिथं डोकावतात. गल्लीतला पहिला उभा ओटा आमचा. काळा कडप्पा, त्यामागे फरशीचा हातभर पट्टा, आणि चारी भिंतींना दुधी रंग. बायका म्हणतात, मंगलला रंगांची नजर आहे. नजर! खरं सांगू? तो दुधी रंग मला कधीच आवडला नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडावर असते तशी कळा आहे त्याला. मग का लावला? तेच सांगायचं आहे. पण रंग सांगायचा तर आधी चूल सांगावी लागते, इलाज नाही.

लग्न होऊन आले तेव्हा ती खोली काळी कुट्ट होती. पत्र्याला काजळी लोंबायची, भिंतीला हात लावला की हात धुवावा लागायचा. कोपऱ्यात चूल आणि तिला चिकटून वैल; भाकरी चुलीवर, वरण वैलावर. चूल माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, स्वतःच्या हातानं घातलेली. ओढ्याची माती आणून, तुडवून, बोटानं गुळगुळीत करून. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या चुलीला पोतेरं घालायच्या आणि मग तिच्यापुढे मांडी घालून बसायच्या, त्या दुपारपर्यंत उठायच्या नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, सासू छळत असणार. तसं असतं तर किती सोयीचं झालं असतं! नव्हती छळत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला पाण्यात हात घालू दिला नाही. माझ्या ताटात लोण्याचा गोळा नेहमी मोठा असायचा. फक्त — मी भाकरी थापायला बसले की दोन मिनिटांत मागून आवाज यायचा, "सर, मी करते." वरणात मीठ घालायला डबा उघडला की, "सर, मी करते." बारा वर्षं. लेकरं शाळेत जायला लागली आणि मी त्या घरात अजून कांदा चिरून देणारी आणि पाणी भरणारी. त्यांच्या लेखी ती माया होती. असेल. माझा त्या मायेत जीव गुदमरायचा. बारा वर्षांत आपल्या हातची एक भाजी आपल्या चवीनं करता येऊ नये, म्हणजे काय? हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब पुरण्यासारखं यात काही नाही, हे मलाही कळतं.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास हळदीला बरा भाव मिळाला आणि आमचा गॅसचा नंबर लागला. हे म्हणाले, स्वयंपाकघर नीट करून घेऊ, पण हात राखून. हात राखून म्हणजे कसं, ते मी दाखवून दिलं. कडप्पा कोपरा फुटका घेतला आणि फुटका कोपरा भिंतीकडे लावला. मांडणीच्या फळ्या जुन्या दाराच्या. फरशा दुकानातल्या उरल्यासुरल्या, तीन तऱ्हांच्या; त्या अंगणात मांडून, पुन्हा मोडून, पुन्हा मांडून मी अशी नक्षी जमवली की गवंडीही बघत राहिला. त्या दिवसांत मी फार खुशीत होते. ते मी कशाला लपवू?

रंगाला वसमतहून सलीमभाई आले. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, लग्नघरांच्या भिंती लिहिणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी चूल बघितली, ओटा बघितला, शेडकार्ड उघडून माझ्यापुढे धरलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाले, "भाभी, कमरेपर्यंत हा गडद हिरवा ऑइलपेंट मारू. धुराचा डाग दिसत नाही, फडक्यानं पुसून निघतो. वर साधा चुना. चुलीवर पत्र्याचं धुराडं काढू. मौसीची चूल बी राहते, तुमचा ओटा बी राहतो."

बघा. सगळं सोडवून दिलं होतं त्या माणसानं, आणि तेही स्वस्तात. आणि तो हिरवा! हळदीचं पान ऐन भरात असतं ना, तसा. त्या चौकोनावरून मी कितीदा बोट फिरवलं, काय सांगू. माझ्या मनातलं स्वयंपाकघर त्याच रंगाचं होतं.

पण चूल राहिली असती. चूल राहिली असती तर आत्याबाई तिच्यापुढे बसल्या असत्या, आणि मी ओट्याशी उभी राहून फोडणीला हात घातला की मागून — कळतंय ना?

त्या दिवशी दिवेलागणीला मी ह्यांना आणि आत्याबाईंना सांगितलं की सलीमभाई म्हणाले, चूल आत असली तर रंग टिकायचा नाही. चूल बाहेर काढणार असाल तरच काम घेतो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना सांगितलं की सासूबाईंनाच चूल बाहेर हवी आहे, आता तुम्ही दुधी रंग लावा. शेडकार्डावर त्याहून फिका रंग नव्हता. मी मुद्दाम तोच घेतला — उद्या कुणाला चूल परत आत आणावीशी वाटली, तर त्या भिंतीकडे बघून त्याची जीभच उचलू नये.

हे मी केलं. दोन वाक्यांचं खोटं, तीन माणसांना, एका दिवसाच्या अंतरानं.

आत्याबाई म्हणाल्या, "पेंटर म्हनतो तर त्याला ठावं आसंल." बस. सकाळी अंघोळ करून त्यांनी चुलीला हळदकुंकू लावलं, दूध शिंपडलं, हात जोडले. हे पहार घेऊन आले तर त्यांना हात लावू दिला नाही. पाणी शिंपडून माती भिजवली आणि बोटांनी एकेक ढेकूळ सोडवून घमेल्यात ठेवलं. घमेलं स्वतः उचलून परसातल्या लिंबाखाली नेऊन ओतलं. मी दारात उभी होते. मला रडू आलं का? नाही. ओटा त्या कोपऱ्यापर्यंत वाढवता येईल का, हे मी मनात मापत होते.

परसात चार पत्र्यांखाली त्यांनी नवी चूल घातली. काही महिने तिच्यावर भाकरी केल्या. पण लेकरं आत, माझ्या ओट्याशी जेवायची. पावसात बाहेरची चूल पेटायची नाही. हळूहळू तिच्यावर नुसतं अंघोळीचं पाणी तापायला लागलं. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीला हात लावून उभ्या राहायच्या. "काई करू लागू का, मंगल?" मी वळून न बघता म्हणायचे, "बसा तुमी, मी करते." हो, तेच शब्द. ठरवून.

आणि मला सुख झालं. पहिल्या दिवशी वरणात मीठ जरा जास्तच पडलं, कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते खारट वरण मी दोनदा वाढून घेतलं. ते सुख मी आज नाकारणार नाही. आत्याबाईंच्या हातचं जे गेलं त्याचं मोल मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मला ते हवं होतं.

माझ्यावर त्या कधी चिडल्या नाहीत. सगळा राग सलीमभाईंवर. देवळात, पारावर, हळदीकुंकवाला, जिथं जातील तिथं — "त्या पेंटरनं माजी चूल मोडली." गल्लीतल्या म्हाताऱ्या तर सलीमभाईंना उंबऱ्याच्या आत येऊ देईनात. माझ्या माहितीतली तीन घरं त्यांच्या हातून गेली. माहीत नसलेली किती, कुणास ठाऊक. ते रस्त्यात भेटले की "सलाम, मौसी" म्हणायचे आणि आत्याबाई पदर ओढून तोंड फिरवायच्या. त्या माणसाला कळतच नसणार, आपण काय घोडं मारलं. मी शेजारून चालत असायचे. चूल घेतली याचं मला काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. पण ती मी माझ्या नावावर घेतली नाही. त्याला भ्याडपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि मी शोधतही नाही.

सात वर्षं गेली. माझ्या मोठीचं लग्न ठरलं. दाराबाहेरच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं लिहायला हे सलीमभाईंनाच घेऊन आले. ते शिडीवर उभे राहून कलश काढत होते. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या, कमरेत वाकलेल्या. मी चहा घेऊन बाहेर आले आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी साधं —

"काहून रे बाबा? माजी चूल तुला काहून सलत व्हती? म्या काय वाईट केलं व्हतं तुजं?"

सलीमभाईंचा ब्रश थांबला. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की सात वर्षांचं फिरवलेलं तोंड त्यांना आत्ता, या क्षणी उलगडलं. ओसरीवर आम्ही तिघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी बशीत सांडलेला चहा बघत राहिले.

ते शिडीवरून उतरले. फडक्याला हात पुसले. "मौसी, गलती झाली माझी," म्हणाले. "माफ करा."

का म्हणाले? माझा संसार वाचवायला, पोरीच्या लग्नात विघ्न नको म्हणून, की नुसतं म्हातारीला बरं वाटावं म्हणून? मी विचारलं नाही. आभारही मानले नाहीत. त्यानंतर भेटले तेव्हाही ते "सलाम, भाभी" एवढंच म्हणाले, पूर्वीसारखंच.

आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, परसात गेल्या, चूल पेटवली आणि किती दिवसांनी भाकरी थापल्या. ठेचा वाटला. सलीमभाईंना ओसरीवर बसवून, समोर बसून, पोटभर जेवू घातलं. लग्नातसुद्धा चारचौघांत त्यांना हाक मारून जवळ बसवलं.

ते जेवून गेले तेव्हा मी भांडी आवरत होते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. किती वर्षांत मी त्यांचं तोंड इतकं निवळलेलं पाहिलं नव्हतं.

"मानूस हाय बग त्यो," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सानं का व्हईना, तोंडावर कबूल केलं. लय कमी लोकाला जमतंय ते, मंगल."

"व्हय," मी म्हणाले.

त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या. कान शेवटपर्यंत चांगले होते, आणि दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो. मी सांगितलं नाही.