सोमवारपासून बस बंद

कंपनीच्या बसमध्ये किस्से शेंगांच्या टरफलांसारखे साठतात. खाणारे रोज खातात, सीटखाली टाकतात, आणि झाडायला कुणी वाकत नाही. आमची बस चौफुल्याहून सुटायची आणि न्हावऱ्यावरून रांजणगावच्या एमआयडीसीत यायची. मी तिच्यात इतकी वर्षं बसले की माझ्या एकटीच्या सीटखाली ढीग झालाय. त्यातले थोडे आज झाडून काढते.

आधी बसची व्यवस्था सांगते. पुढं जुनी माणसं, मागं नवी पोरं. पुढचा विषय कायम एकच, 'आजकालची पोरं'. मागचा विषय काय ते पुढं कधी कळलं नाही, कारण मागं सगळ्यांच्या कानात इअरफोनची बोंडं.

मी कामाला लागले तेव्हा शेवटच्या सीटवर खिडकीपाशी बसायचे. तिथून पुढं कधी सरकले, मला खरंच आठवत नाही. एवढंच आठवतं की एक दिवस मी म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं बाई," आणि पुढच्या बायकांनी लगेच सरकून जागा करून दिली.

* * *

मी पॅकिंगमध्ये लाइन लीडर आहे. म्हणजे खोकी दुसऱ्यांनी भरायची आणि घसा मी बसवायचा.

आमच्याकडं सानिका नावाची ट्रेनी आली. दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि भीती कशाचीच नाही. राहायला न्हावऱ्यात मावशीकडं. पहिल्याच दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काकू, कॉम्प्युटरचा पासवर्ड काय आहे?"

पासवर्ड राहिला बाजूला. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की इथं सगळे मला ताई म्हणतात. वयाचा काही प्रश्न नाही, कंपनीची पद्धत आहे आपली.

ती समजुतीनं हसली. "ठीक आहे ताई. माझ्या मम्मीला पण असंच वाटतं."

* * *

ओंकार कासुर्डीचा. घरी फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, सगळं. हा पोरगा लागला आणि आमच्याकडं रजेची जी जुनी परंपरा होती ती मोडली.

आमच्या वेळी रजा म्हणजे कुणीतरी आजारी पडायचं, नाहीतर जायचं. माझी आजेसासू मी दोन वेळा घालवली. दुसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, तर मी म्हटलं, सर, या चुलत. आणि माझी खरी आजेसासू घरी बसून शेंगा फोडत होती.

ओंकारनं साहेबांना सरळ मेसेज टाकला: 'सर, उद्या मूड नाही. येणार नाही.'

साहेब मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. रागवायचं का काय करायचं, त्यांना सुचत नव्हतं. म्हणाले, मॅडम, तुमच्या लाइनचा आहे, समजवा. मी ओंकारला बसवून समजावलं की बाबा, रजा घे, पण काहीतरी कारण देत जा.

"म्हंजी खोटं बोलू का ताई?"

मी म्हटलं, खरं असेल ते दे, पण नीट दे.

पुढं दसरा आला. घरी फुलांची तोडणी, रात्रंदिवस काम. ओंकारनं नीट मराठीत लिहून पाठवलं की घरी तोडणी आहे, माणसं कमी आहेत, दोन दिवस मिळावेत. साहेबांनी वाचलं आणि त्याला फोन लावला.

"हे बघ, मूड नसेल तर तसं सांग. खोटं बोलायला कधीपासून लागलास?"

* * *

आता मामी. मंगलमामी. वय पन्नाशी ओलांडलेलं, नऊवारीतून पाचवारीत आणि पाचवारीतून कंपनीच्या ॲप्रनमध्ये आलेल्या. घर धनगरांचं, सासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि दोन म्हशी. मामी आमच्या सगळ्या डिपार्टमेंटच्या मामी. साहेबसुद्धा मामीच म्हणतात.

ही नवी पोरं सकाळी काही खात नाहीत, याचा मामींना फार त्रास. त्या डबा दोघा-तिघांचा आणायच्या. ओंकार तेव्हा जिमला जात होता. त्यानं मटकीकडं बघून विचारलं, "मामी, याच्यात प्रोटीन किती?"

मामी म्हणाल्या, "मला काय म्हाईत? मी घातलं न्हाई. आधीचंच असंल. खा गप."

* * *

एके दिवशी बसमध्ये नोटीस लागली. दोन महिन्यांनंतरच्या पहिल्या सोमवारपासून आमच्या रूटची बस बंद. कारण मागची निम्मी बस रिकामीच असायची. एकेकानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती, पोरी स्कुटीवर यायला लागल्या होत्या. उरलो आम्ही पुढचे, मूठभर, आणि मागची चार-दोन पोरं.

त्या दिवशी पुढच्या सीटवर पोरांचा जो उद्धार झाला तो इथं लिहिता येणार नाही. मी स्वतः बराच केला.

मामींची अडचण वेगळीच होती. बाकीच्यांना कुणी ना कुणी सोडणारं होतं. मला नवरा होता, कुरकुरत का होईना. मामींच्या वस्तीवरून कंपनीत येणारं दुसरं कुणीच नव्हतं, आणि एसटीची वेळ शिफ्टला जुळत नव्हती. त्यांचा मुलगा वैभव आधीपासून मागं लागला होता की आई, आता बास कर काम, घरी आराम कर. त्याला बसचं निमित्त आयतं मिळालं.

मी म्हटलं, मामी, पोरगा चांगलं तर म्हणतोय. खरंच आराम करा की आता.

मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घरी मी वैभवची आई. वस्तीवर अमक्याची सून. हितं सकाळी हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की माझं नाव येतंय आन् त्यातली बाई थँक्यू म्हणती. सबंध दिवसात मला तेवढी एकच म्हणती."

मागच्या सीटवर सानिका होती. कानात बोंडं होती. मला वाटलं, हिला काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं जाहीर केलं, "मामी, आजपासून तुम्ही स्कुटी शिकणार. ताई, तुम्ही पण."

मला कुणी विचारलंच नव्हतं.

* * *

क्लास शिफ्टनंतर, न्हावऱ्याजवळच्या एका मोकळ्या मैदानात. मास्तर दोन: सानिका आणि ओंकार. स्कुटी सानिकाच्या मावशीची.

पहिल्यांदा मी बसले, कारण लाइन लीडर. दोन्ही हातांनी हँडल आवळलं, डोळे बारीक केले आणि डाव्या बाजूला पडले.

सानिकानं मला उठवलं, ॲप्रन झटकला आणि हळूच म्हणाली, "ताई, अजून चालू नव्हती केली."

त्या दिवसापासून मी प्रेक्षक. माझा नवराच बरा.

मामी मात्र बसल्या त्या सुटल्याच. तोल एकदम पक्का. अडचण एवढीच की थांबायचं असलं की त्या ब्रेक दाबायच्या नाहीत, "हो, हो, हो," असं स्कुटीला सांगायच्या. सबंध जन्म बैल आणि मेंढरं तोंडानं थांबवलेली.

ओंकार शेजारून पळत होता. "मामी, तिला कान न्हाईत. ब्रेक दाबा, ब्रेक!"

गाडी बांधाला टेकून थांबली. मामींनी मागं वळून विचारलं, "कान न्हाईत, तर मग हॉर्न कशापायी बसिवलाय?"

* * *

दोन आठवड्यांत मामी झकास चालवायला लागल्या. मग पहिल्यांदा रस्त्यावर काढलं. परीक्षा सोपी होती: सरळ जायचं, चौकात उजवीकडं वळून दुकानातून बिस्किटाचा पुडा आणायचा.

मामी चौकात गेल्या आणि डावीकडं वळल्या. आम्ही हाका मारल्या. त्या पुढं जाऊन परत डावीकडं वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. ओंकारनं मोटारसायकल काढली, मी मागं बसून देवाचं नाव घेतलं.

मामी एका वस्तीच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कुरडयांच्या कडेकडेनं बाहेर आल्या, पुन्हा डावीकडं वळल्या आणि दुकानासमोर जाऊन थांबल्या. पुडा घेतला.

ओंकारनं विचारलं, "मामी, सरळ उजवीकडं वळायचं होतं ना?"

"तुम्ही शिकिवलंय का उजवीकडं?"

आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मैदानाच्या मधोमध पोरांची क्रिकेटची पीच होती, म्हणून आम्ही दोन आठवडे त्यांना तिच्याभोवती एकाच बाजूनं फिरवत होतो. पुढचा सगळा आठवडा मामी उलट्या फिरल्या.

* * *

लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास सानिका बसमध्ये घ्यायची. मोबाईलवर पाट्यांची चित्रं दाखवायची आणि मामींनी अर्थ सांगायचा. सगळी बस उत्तरं फोडायची. आता मागच्यांनी बोंडं काढली होती आणि पुढचे मागं वळून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसमध्ये एक विषय चालू होता.

एक पाटी आली. सानिका म्हणाली, मामी, याचा अर्थ 'पुढं रस्ता अरुंद आहे'.

मामींनी मोबाईल हातात घेऊन चित्र निरखलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडं पाटी नसली तरी अरुंदच असतोय. पाटी लावायला जागा कुठं हाय?"

पास झाल्या. दोन्ही परीक्षांत, पाट्यांच्या आणि गाडीच्या. त्या दिवशी ओंकारनं सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले, आणि साहेबांना सांगितलं की सर, आज फार मूड आहे.

* * *

आणि मग शेवटचा रविवार उजाडला. उद्यापासून बस नाही.

मामींचा फोन आला. सुनेची माहेरून आणलेली जुनी स्कुटी घरात कव्हर घालून पडून होती. सून म्हणाली होती, आत्या, घ्या की, मला कुठं लागतीय. ओंकारनं ती सर्व्हिसिंग करून आणून दिली होती. आणि आता वैभवनं किल्ली खिशात घातली होती.

मी, सानिका आणि ओंकार, तिघं वस्तीवर गेलो. वैभव तिशीच्या आतला पोरगा. मनगटात कडं, दाढी कोरलेली, मोबाईल नवा. आम्हाला चहा दिला, खुर्च्या दिल्या, सगळं आदरानं. पण किल्लीचं नाव काढलं की मान हलवायचा.

"ताई, लोक काय म्हणतील? पोरगं घरात असताना आई गाडी हाणतीय. मी सोडतो की तिला रोज."

आतून सुनेचा हसण्याचा आवाज आला. वैभव नऊच्या आधी उठत नाही, हे वस्तीवरच्या म्हशींनाही माहीत आहे.

सानिका म्हणाली, "दादा, तुमच्या स्टेटसला तर 'माझी आई, माझी वाघीण' असं आहे."

"ते स्टेटस हाय," वैभव म्हणाला.

मी जन्मभर 'आजकालची पोरं' म्हणत आले, आणि समोर आजकालचा पोरगा माझ्या आज्यासारखा बोलत होता. मामी चुलीपासून उठून दोरीपाशी गेल्या. ॲप्रन धुऊन दोरीवर घातला होता, तो नुसता सारखा करत राहिल्या.

पायरीवर मामींच्या सासूबाई मेथी निवडत होत्या. वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी मेंढरांमागं घोडीवर बिऱ्हाड लादून कोकणापर्यंत जाऊन आलेल्या. त्यांनी आमच्या बोलण्यात एकदाच तोंड घातलं.

"किती वाजता पोचावं लागतंय गं मंगल?"

"सातच्या आत, आत्या."

"बरं," म्हातारी म्हणाली, वैभवच्या खिशाकडं एकदा बघितलं, आणि परत मेथीला लागली.

आम्ही हात हलवत परत आलो.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं कंपनीच्या गेटवर उभे. पावणेसात झाले. एकेक मोटारसायकल आत जात होती. ओंकार म्हणाला, ताई, मी जाऊन घेऊन येतो मामींना, आज एक दिवस. मी म्हटलं, आणि उद्या?

तेवढ्यात वळणावर एक स्कुटी दिसली. इतकी हळू, की शेजारून एक सायकलवाला पुढं निघून गेला. पुढं मामी, पदर खोचलेला, वर हेल्मेट, नजर समोर. मागं कुणीतरी नऊवारीत, दोन्हीकडं पाय टाकून, घोडीवर बसावं तसं ताठ बसलेलं. डोक्याला वैभवचं काळं हेल्मेट, वर लाल शिंगं काढलेलं.

मामींनी गेटवर व्यवस्थित ब्रेक दाबला.

वॉचमन यूपीचा, नवीनच आलेला. त्यानं मागच्या सीटकडं नीट निरखून बघितलं आणि अदबीनं विचारलं, "माताजी, आपको किससे मिलना है?"

हेल्मेटची काच वर झाली.

"कुणाला न्हाई," म्हातारी म्हणाली. "सुनंला कामावं सोडाया आलीय."