संत तेरेझा आणि वरच्या मजल्यावरच्या बाई

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळणाऱ्या त्या बाईला सगळे ‘तोफ’ म्हणत. आवाजच तसा होता! संत स्त्रियांची चरित्रं तर ती अशी रंगवून सांगे, की जणू सगळ्या तिच्या सख्ख्या मावश्या. “आमची कॅथरीन,” ती म्हणे, “जिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं त्या आजारी बाईची सेवा करायची, आणि वर तिच्याच शिव्या खायची!”

“बोलायला काय जातंय?” एकदा नवरा म्हणाला. “वरच्या बाईंची सेवा करून दाखव की!”

वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. खुब्याचं हाड मोडून, ऑपरेशन होऊन घरी आलेल्या. डॉक्टर म्हणत, “चाला.” बाई म्हणत, “चालते व्हा!” ठेवलेल्या आया पळून गेल्या होत्या. तोफेशी तर त्यांचं जिन्यात वाळत घातलेल्या कपड्यांवरून विळ्या-भोपळ्याचं सख्य.

“दाखवतेच!” म्हणत तोफ बाह्या सरसावून वर गेली.

“हे सूप आहे की चादरी धुतलेलं पाणी?” पहिला घोट घेताच बाई कडाडल्या.

“ते पाणी जरा दाट असतं, बाई!” तोफेच्या तोंडून निघून गेलं.

घरी येऊन ती डोकं धरून बसली. “कॅथरीन गप्प राहिली असती हो. मला नाही जमायचं.”

“भांड हवं तेवढं,” नवरा म्हणाला, “पण उद्या जा.”

ती गेली. रोज भांडली आणि रोज गेली. जीभ तिखट, पण हात लोण्यासारखे. अंग पुसताना, कूस बदलताना तिच्या गोष्टी चालूच. बाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदा मात्र तोफ मध्येच थांबली, तर भिंतीकडून आवाज आला, “मग?”

तोफेच्या अंगावर काटाच आला! दुसऱ्या दिवशी तिने चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या संत तेरेझाची गोष्ट काढली. नदीला पूर, गाडी चिखलात कलंडलेली, तेरेझा नखशिखांत भिजलेली. “तिने देवाकडे गाऱ्हाणं केलं. देव म्हणाला, ‘मी माझ्या मित्रांना असंच वागवतो.’ यावर तेरेझा काय म्हणाली माहितीये?” तोफ उठली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. “पुढचं इथे, खिडकीपाशी.”

“निर्लज्ज! इकडे ये!”

“तुम्हीच या.”

बाईंनी दात-ओठ खात वॉकर ओढला. उठल्या, डगमगल्या. तोफ हात पसरून पुढे धावली. “हात लावू नकोस!” एक पाऊल. आणखी एक. बाईंनी खिडकीची चौकट गच्च पकडली आणि तोफ अशी ओरडली, की खालच्या मजल्यावरून नवरा धापा टाकत वर आला. “चालल्या! अहो, बाई चालल्या!”

“रडतेस काय?” बाई घामाघूम होऊन गुरकावल्या. “गोष्ट सांग आधी!”

“म्हणाली, ‘म्हणूनच देवा, तुला मित्र इतके कमी!’”

बाई अशा खदखदून हसल्या, की त्यांना दोघांनी दोन्हीकडून धरावं लागलं.

हल्ली रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तोफ गोष्ट सांगते. समोर खुर्ची टाकून बसलेल्या बाई दर दोन वाक्यांना तिला टोकतात, आणि जरा थांबली की सगळ्यांच्या आधी ओरडतात, “मग?”